डाव्या खांबावरचं पातं

विमान पिवळं आहे, खालीवर दोन पंखांचं.
नावात वाघ, नावात पतंग, अंगावर नुसतं कापड.
जुहूच्या शेडमध्ये त्याच्या पोटाखाली
मी चार वर्षं उताणा पडून काढली.
सगळं जमत आलं होतं.
चाकाच्या ट्यूबा कुर्ल्याला मिळाल्या,
होकायंत्र दारूखान्यात, तोडलेल्या बोटीच्या सामानात,
मॅग्नेटोचा कार्बन मीच घासून बसवला.
राहिलं ते पातं.

पातं म्हणजे तळहाताएवढा पत्रा, स्प्रिंगवर उभा.
वारा त्याला मागे ढकलतो,
मागच्या कमानीवर आकडे: चाळीस, साठ, ऐंशी.
वैमानिकानं मान वळवून बघायचं, आपण किती वेगात आहोत.
ना काटा, ना काच.
इतकं साधं की कुणी जपलंच नाही.

लंडनहून भाव आला तेव्हा
कर्णिकबाईंनी फाइल पालथी घातली.
दारूखान्यातल्या नझीरनं गोदामात तीनदा बॅटरी मारली,
फोटो उलटासुलटा करून म्हणाला,
साहेब, हा तर कालथा आहे.

सापडलं ते डोंगरीत, दाढ काढायला गेलो तेव्हा.
सुई टोचून डॉक्टर बाहेर गेले,
मी खिडकीतून बघत बसलो:
समोरच्या गच्चीवर कबुतरांचं खुराडं,
खुराड्यावर बांबू, बांबूवर
काहीतरी झुकत होतं, उठत होतं, झुकत होतं.

दाढ तशीच ठेवून पाच मजले चढलो.
अर्धं तोंड बधिर, शब्द फुटेना,
नुसतं बोट वर केलं.
बशीर तुंगेकर म्हणाले, बसा आधी, पाणी प्या.

त्यांचे आजोबा शिडं शिवायचे.
लढाईच्या दिवसांत विमानांचं कापड शिवलं,
पगार थकला तेव्हा हे उचलून आणलं.
सायकलच्या हबवर बसवलंय,
वाऱ्याबरोबर तोंड फिरवतं.
कमानीवर चाळीसच्या खाली, कोऱ्या जागेत,
नेलपॉलिशच्या तीन रेघा.
तिसरीच्या पुढे पातं गेलं
की खुराडं उघडायचं नाही.

मी बोटांनी रक्कम दाखवली. मग दुप्पट.
ते कबुतरांकडे बघत राहिले.
आणि ह्यांना कोण सांगणार, म्हणाले.

एक्स-रेच्या पाकिटावर आकृती उतरवून घेतली.
नागपाड्याच्या रघुवीर पांचाळनं पत्रा कापला,
स्प्रिंग तीनदा केली, तीनदा शिव्या घातल्या.
एका संध्याकाळी गच्चीवर दोन्ही पाती
शेजारी शेजारी लावली.
नवं आधी झुकायचं, उशिरा उठायचं.
नवीन आहे, घाई करतंय, बशीरभाई म्हणाले.
आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता,
न्या जुनं. मी ह्याच्याशी जुळवून घेईन.

पाना माझ्या हातात होता.
जुन्याचा पहिला स्क्रू अर्धा फिरवला देखील.
वर एक मादी उतरायला जागा शोधत घिरट्या घालत होती.
स्क्रू पुन्हा आवळला. नवं सोडवलं,
रुमालात गुंडाळून घेऊन आलो.

कर्णिकबाईंना पाटीवर मूळ लिहायचं होतं.
कुणाला कळणार आहे, म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.
मी म्हटलं, लिहा:
प्रतिकृती. मूळ भाग वापरात आहे.
कुठे? त्यांनी विचारलं.
दाढ दुखतेय म्हणून सांगितलं. दुखतही होती.

परवा दुपारी चौकीदाराचा टेबलफॅन
फिरता फिरता विमानाकडे वळला.
पातं जरासं मागे झुकलं,
चाळीसच्या कितीतरी खाली, कोऱ्या पत्र्यावर,
आणि पंखा वळल्यावर उभं राहिलं.
मुलीच्या कपाटातली लाल बाटली
दोन दिवस खिशात आहे.
अजून उघडलेली नाही.